एकाचे कर्ज, दुसऱ्याची पत

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरांवर असलेले पानिपत हे आज हरियाणातील एक गजबजलेले औद्योगिक शहर आहे. हातमागाचे व यंत्रमागाचे कापड, सतरंज्या, ब्लँकेटे आणि जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा काढलेले सूत यांचा येथे मोठा व्यापार चालतो. मराठी वाचकाला मात्र पानिपत म्हटले की १४ जानेवारी १७६१ हाच दिवस आठवतो. त्या दिवशी अहमदशहा अब्दालीच्या सैन्यापुढे मराठ्यांचा पराभव झाला आणि महाराष्ट्रातील असंख्य घरांतील कर्ते पुरुष नाहीसे झाले.

या पराभवाच्या लष्करी व राजकीय कारणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. या मोहिमेच्या मुळाशी एक घरगुती तंटाही होता, त्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. हा तंटा कर्जाचा होता. एकाने कर्ज काढले, ते घराण्याच्या पतीवर काढले आणि फेडण्याची जबाबदारी दुसऱ्यावर आली, असा तो प्रकार होता. अशा प्रसंगी घरातील माणसांनी काय करावे, हा प्रश्न अठराव्या शतकातील पेशव्यांना पडला, तसाच तो आज बँकेची नोटीस हातात आलेल्या सामान्य कुटुंबालाही पडतो. म्हणून पेशव्यांच्या घरातील कर्जाची हकीकत आधी पाहू आणि मग धर्मशास्त्राने व कायद्याने या प्रश्नाला कोणती उत्तरे दिली, याचा विचार करू.

वडिलांचे देणे

मराठी राज्याचे छत्रपती साताऱ्यास असत. पेशवा हा त्यांचा मुख्य प्रधान. फौज उभी करण्याचे काम पेशव्याकडे असे, पण त्यासाठी लागणारा पैसा खजिन्यात क्वचितच शिल्लक असे. मोहिमेवर निघताना सावकारांकडून रक्कम उचलावयाची आणि चौथ, खंडणी व वसुली हाती आली म्हणजे ती फेडावयाची, अशी रीत होती. वसुली ठरल्याप्रमाणे झाली नाही, तर मुद्दल व व्याज दोन्ही अंगावर राहत.

पहिल्या बाजीरावाने वीस वर्षांत उत्तर हिंदुस्थानापर्यंत मराठी सत्तेचा दरारा पसरविला, परंतु त्याच्यामागे सावकारांचा तगादा अखंड लागलेला होता. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्याचे गुरू आणि धनकोही होते. सावकार व शिलेदार यांच्या मागण्यांनी आपण किती गांजलो आहोत, हे बाजीरावाने त्यांना लिहिलेल्या पत्रांत अत्यंत कळवळून सांगितले आहे. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे त्याचा मृत्यू झाला, तेव्हा हे देणे त्याचा मुलगा बाळाजी ऊर्फ नानासाहेब याच्या वाट्यास आले.

बाजीरावाच्या धनकोंपैकी बारामतीचे बाबूजी नाईक हे एक होते. ते पेशव्यांचे सोयरे. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांना बाजीरावाची बहीण भिऊबाई दिलेली होती. पेशवेपद आपणास मिळावे, अशी बाबूजींची खटपट होती आणि नागपूरच्या रघूजी भोसल्यांचा तिला पाठिंबा होता. शाहू महाराजांनी नानासाहेबास वस्त्रे दिली. तेव्हा बाबूजींनी मृत बाजीरावाच्या कर्जाचा तगादा त्याच्या मुलामागे लावला. या प्रसंगी महादाजीपंत पुरंदरे यांची पत व वजन नानासाहेबाच्या उपयोगी पडले आणि अब्रू वाचली, असे ग्रँट डफ याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे.

तगादा व धरणे हे त्या काळी वसुलीचे रूढ मार्ग होते. सावकाराची माणसे ऋणकोच्या दारात बसत आणि त्याच्या जाण्यायेण्यास अडथळा करीत. धरणे धरणारा माणूस दारात उपोषण करी आणि तो उपाशी असेतो घरमालकानेही अन्न घेऊ नये, असा संकेत होता. या साधनाचा जोर लोकलज्जेत होता. कर्ज कोणी काढले, हा प्रश्न अशा वेळी मागे पडे. दार कोणाचे, एवढेच उरे.

भावाचे देणे

नानासाहेबाच्या कारकीर्दीत राज्य वाढले आणि कर्जही वाढले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये पेशव्यांच्या रोजनिशांना जोडण्यासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत या कर्जाचा आढावा घेतला आहे. १७४० ते १७६० या वीस वर्षांत नानासाहेबाने सुमारे दीड कोटी रुपये कर्जाऊ घेतले आणि व्याजाचा दर शेकडा १२ ते १८ असे, असे त्यावरून दिसते.

घरातील कामांची वाटणी साधारण ठरलेली होती. नानासाहेब मुख्य, त्याचा धाकटा भाऊ रघुनाथराव उत्तरेकडील मोहिमांवर जाई, आणि चुलतभाऊ सदाशिवराव ऊर्फ भाऊसाहेब, म्हणजे चिमाजी अप्पाचा मुलगा, पुण्याचा कारभार व जमाखर्च पाहत असे. कुटुंब अविभक्त होते. त्यामुळे रघुनाथरावाने उत्तरेत ज्या पतीवर पैसा उचलला ती पत पेशव्यांच्या सबंध घराण्याची होती.

१७५७ मध्ये रघुनाथराव दिल्लीस पोचला व एप्रिल १७५८ मध्ये लाहोरात शिरला. मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, ही अभिमानाची गोष्ट याच मोहिमेतील आहे. परंतु जमाखर्चाची बाजू अगदी उलट होती. पंजाब वारंवारच्या स्वाऱ्यांनी उजाड झालेला होता. ज्या अदिना बेगकडे त्या प्रांताचा कारभार सोपविला, त्याने वर्षाला ७५ लाख रुपये देण्याचे कबूल केले होते. पण सप्टेंबर १७५८ मध्ये तोच मरण पावला. फौजेचा खर्च मात्र रोजच्या रोज चालू होता. रघुनाथराव दक्षिणेत परतला तेव्हा लाभाऐवजी ऐंशी लाख रुपयांहून अधिक कर्ज घेऊन आला, असे ग्रँट डफ नमूद करतो. शेकडा १२ या त्या काळच्या किमान दराने धरले, तरी एवढ्या रकमेचे नुसते वार्षिक व्याज ९ लाख ६० हजार रुपये होते.

जमाखर्च पाहणाऱ्या भाऊसाहेबाने या उधळपट्टीबद्दल रघुनाथरावास दोष दिला. त्यावर रघुनाथरावाने, पुढच्या मोहिमेवर तुम्हीच जाऊन पाहा, असा टोमणा मारला, असे ग्रँट डफने सांगितले आहे. पुढे उत्तरेत दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर मारला गेला आणि नवी फौज पाठविणे भाग पडले. त्या फौजेचे नेतृत्व रघुनाथरावाऐवजी भाऊसाहेबाकडे आले. उत्तरेतील माणसे, रस्ते, राजकारण यांचा दीर्घ अनुभव असलेला पुरुष घरी राहिला आणि हिशेबाचा जाणता पुरुष रणांगणावर गेला.

पानिपतच्या पराभवास हे एकच कारण झाले, असे कोणी म्हणणार नाही. अब्दालीचे युद्धकौशल्य, नजीबखानाचे राजकारण, सुजाउद्दौल्याचे शत्रुपक्षास मिळणे, यात्रेकरूंचा व बुणग्यांचा भार, ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु घरातील कर्जाच्या वादाचे उत्तर हिशेबाने न देता टोमण्याने दिले गेले, आणि त्या टोमण्याची छाया सेनापतीच्या निवडीवर पडली, हेही तितकेच विचारात घेण्यासारखे आहे. ऐंशी लाख कशासाठी गेले, त्यांतील किती खर्च टाळता आला असता, आणि बाकी कोणत्या उत्पन्नातून फेडावयाची, हे तीन प्रश्न दोघांनी समोरासमोर बसून सोडवावयाचे होते. त्याऐवजी दोष कोणाचा, या एकाच प्रश्नाभोवती भांडण फिरत राहिले.

पत संपते तेथे

भाऊसाहेब मार्च १७६० मध्ये परतूडहून निघाला. जमाखर्चात तो कडक होता. तरी मोहीम सुरू होताच त्याच्यापुढेही तीच अडचण उभी राहिली. उत्तरेतील मामलेदारांकडून वसुली येईना. दुआबातील वसुली पाठविण्याविषयी गोविंदपंत बुंदेल्यास त्याने वारंवार निकडीची पत्रे लिहिली. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आली, पण पैसा आला नाही. शेवटी लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. ऑक्टोबरमध्ये कुंजपुऱ्याचा किल्ला घेतल्यावर धान्य व रोकड मिळाली, तेव्हा काही दिवस निभाव लागला.

त्यानंतर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि पानिपतच्या छावणीचा दिल्लीशी असलेला संबंध तुटला. सुमारे अडीच महिने फौज तेथे अडकून पडली. डिसेंबरात गोविंदपंत मारला गेला. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकून अफगाण छावणीतच शिरली व कापली गेली. सावकाराची हुंडी कितीही खरी असली तरी वेढ्यातल्या छावणीत तिच्यावर धान्य मिळत नाही. पतीचा आधार रस्ते उघडे असेपर्यंतच टिकतो. ते बंद झाले की उधारीवर उभी असलेली फौज उपाशी राहते. उपासमारीने हैराण झालेल्या लोकांनी, मरावयाचेच तर लढून मरू, असा आग्रह धरला आणि १४ जानेवारीची लढाई झाली.

पराभवाची पहिली नक्की वार्ता नानासाहेबास सावकारांच्या कासिदाकडील पत्रातून कळली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि चांदीतांब्याची अगणित नाणी हरपली, अशा व्यापारी भाषेत तो मजकूर होता. मोती म्हणजे भाऊसाहेब व विश्वासराव हे वाचणाऱ्याला समजले. २३ जून १७६१ रोजी पुण्यास पर्वतीवर नानासाहेबाचे देहावसान झाले.

माधवरावांचा वारसा

सोळा वर्षांच्या माधवरावाला पेशवेपदाबरोबर काय मिळाले, ते पाहिले म्हणजे वारसा या शब्दाचा पुरा अर्थ ध्यानात येतो. वडिलांचे कर्ज, पानिपतामुळे ढासळलेली पत आणि कर्जाच्या एका मोठ्या हिश्श्याचा कर्ता असलेला काका, असा तो वारसा होता. काकाने पुढे राज्याची निम्मी वाटणी मागितली. राज्य ही वाटून घेण्याची मालमत्ता नव्हे, अशी माधवरावाची भूमिका होती. हा झगडा १७६२ मध्ये व पुन्हा १७६८ मध्ये प्रत्यक्ष लढाईपर्यंत गेला. जून १७६८ मध्ये धोडपजवळ रघुनाथरावाचा पराभव झाला व त्यास शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले.

माधवरावाने देणे नाकारले नाही. हिशेब तपासले, वसुलीला शिस्त लावली आणि कर्ज कमी करीत आणले. तरीही १७७२ मध्ये थेऊर येथे आजार बळावला, तेव्हा कर्जाची टोचणी त्याच्या मनाला लागून राहिलेली होती. सावकारांना लिहून दिलेली कर्जखते एका विश्वासू कारभाऱ्याने आपल्या अंगावर घेतली, तेव्हा त्याच्या जिवाला स्वस्थता वाटली, असे रानड्यांच्या प्रस्तावनेत आले आहे. ही रक्कम २४ लाख रुपये होती. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी माधवराव निवर्तला.

धर्मशास्त्राची तीन कसोटी-वचने

पेशव्यांच्या दरबारात व्यवहाराचे निर्णय ज्या ग्रंथांच्या आधारे होत, त्यांत याज्ञवल्क्यस्मृती व तिच्यावरील मिताक्षरा ही टीका यांना मोठा मान होता. मिताक्षरेचा कर्ता विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयास होता. हे कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. ऋणादान, म्हणजे कर्जाची देवघेव, हे या ग्रंथांत व्यवहाराचे पहिलेच पद मानले आहे.

मुलाने बापाचे देणे द्यावे, हा नियम सर्वांना माहीत असतो. त्याला असलेले अपवाद मात्र फारसे माहीत नसतात. मद्य, विषयासक्ती व जुगार यांसाठी केलेले कर्ज, न भरलेला दंड किंवा जकात, आणि व्यर्थ दिलेले दान यांचे देणे मुलावर येत नाही. बाप केवळ हजर राहण्याचा किंवा विश्वासाचा जामीन असेल, तर त्याच्या पश्चात मुलगा बांधील नाही. रक्कम भरण्याचाच जामीन असेल तर बांधील आहे. बायकोने नवऱ्याचे किंवा मुलाचे, बापाने मुलाचे आणि नवऱ्याने बायकोचे कर्ज फेडावे असे नाही. मात्र ते कुटुंबासाठी काढलेले असेल तर फेडावे. स्त्रीने स्वतः पत्करलेले, नवऱ्याबरोबर मिळून काढलेले किंवा स्वतः काढलेले कर्ज तिने द्यावे, याखेरीज नाही. अविभक्त कुटुंबातील कोणीही कुटुंबाच्या पोषणासाठी कर्ज केले, तर कर्त्याच्या मृत्यूनंतर किंवा तो परदेशी गेला असता वाटेकऱ्यांनी ते द्यावे.

या सर्व नियमांच्या मुळाशी तीन प्रश्न आहेत. कर्ज कोणी पत्करले? ते कशासाठी काढले? आणि ते कोणत्या मालमत्तेतून फेडावयाचे? नात्याची जवळीक हा चौथा प्रश्न शास्त्रकारांनी मुद्दाम गौण ठेवला आहे. व्याजाची रक्कम एका वेळी मुद्दलाहून अधिक मागता येऊ नये, हा दामदुपटीचा नियमही याच परंपरेतला.

कायद्याने केलेला बदल

इंग्रजी अंमलात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मुलाच्या या धार्मिक कर्तव्याचा अर्थ फार कडक लावला. वडिलार्जित मालमत्ता हाती आली नसली, तरी मुलगा बापाच्या कर्जास बांधील धरला जाई. १८६६ च्या सातव्या मुंबई अधिनियमाने ही जबाबदारी वारसाच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. तरी खेड्यापाड्यांत जुने खत बदलून मुलाच्या नावे नवे खत लिहून घेण्याची वहिवाट होतीच. एकदा मुलाची सही किंवा अंगठा झाला, की बापाचे कर्ज त्याचे स्वतःचे होई. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दंगे सुरू झाले, तेव्हा शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या घरातील या खतांवर व हुकूमनाम्यांवर होता. त्यानंतर १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

धरण्याचा निकालही कायद्याने लावला. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०८ मध्ये दैवी कोपाची भीती घालणे हा गुन्हा ठरविला होता आणि दारात धरणे धरून बसणे हे त्याचे उदाहरण म्हणून दिले होते. ही संहिता जून २०२४ अखेरपर्यंत अमलात होती.

सर्वांत महत्त्वाचा बदल ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आला. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील दुरुस्तीने, त्या तारखेनंतरच्या कर्जासाठी मुलगा, नातू वा पणतू यांच्यावर केवळ धार्मिक कर्तव्याच्या आधारे वसुली करता येणार नाही, असे ठरविले. त्यापूर्वीच्या कर्जांना जुना नियम लागू राहिला. मृताची मालमत्ता ज्याच्या हाती येईल, त्याने त्या मालमत्तेपुरते देणे द्यावे, हे तत्त्व मात्र कायम आहे.

आजच्या घरात

आता पानिपतातीलच एका कल्पित कुटुंबाचे उदाहरण घेऊ. थोरल्या भावाच्या नावाने मागांचा छोटा कारखाना आहे व बँकेत त्याची पत चांगली आहे. धाकट्या भावाने त्याच पतीवर कर्ज काढले व ते थकले. बँकेची नोटीस थोरल्याच्या हाती पडली. अशा वेळी घरात पहिल्यांदा जो विचार येतो तो अब्रूचा: गाजावाजा न करता भरून टाकावे. दुसरा विचार रागाचा: माझा काही संबंध नाही. दोन्ही विचार कागद पाहण्यापूर्वीचे आहेत. कागद पाहिले म्हणजे प्रकरण पुढील चारांपैकी एका वर्गात पडते.

थोरला भाऊ जामीन किंवा सहकर्जदार असेल, तर त्याची जबाबदारी खरी आहे. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामिनाची जबाबदारी, करारात वेगळे ठरले नसेल तर, मूळ ऋणकोइतकीच असते; बँकेने आधी धाकट्याकडूनच वसूल करावे, असा आग्रह त्याला धरता येत नाही. परंतु त्याला हक्कही आहेत. चालू जामीनकी पुढील व्यवहारांपुरती तो नोटीस देऊन केव्हाही बंद करू शकतो. भरलेली रक्कम धाकट्याकडून मागण्याचा हक्क त्याला कलम १४५ देते आणि धनकोकडे असलेले तारण त्याच्याकडे येण्याचा हक्क कलम १४०-१४१ देतात. सहजामीन असतील तर त्यांनी समान वाटा उचलावयाचा असतो. धनकोने जामिनाच्या संमतीवाचून कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो. मात्र छापील जामीनपत्रात हा हक्क पुष्कळदा आधीच सोडून दिलेला असतो, म्हणून ते पत्र शब्दशः वाचावे.

दुसरा वर्ग परवानगीने दिलेल्या अधिकाराचा. आपल्या क्रेडिट कार्डावर घरातील माणसाला जादा कार्ड काढून दिले असेल, तर त्यावरील खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते. भागीदारीत एका भागीदाराने धंद्यासाठी केलेले देणे सर्व भागीदारांवर येते. अविभक्त हिंदू कुटुंबाच्या कर्त्याने कुटुंबाच्या गरजेसाठी काढलेले कर्ज इतरांच्या एकत्र मालमत्तेतील हिश्श्यावर येते. त्यांच्या स्वतंत्र कमाईवर, त्यांनी स्वतः सही केल्याखेरीज, येत नाही.

तिसरा वर्ग वारसाचा. मृताचे देणे त्याच्या मालमत्तेतून फेडावयाचे. ती नसेल किंवा संपली असेल तर वारसाच्या स्वतःच्या पगाराला हात लावता येत नाही. केवळ पत्नी, मुलगी किंवा भाऊ असणे म्हणजे ऋणको असणे नव्हे. वसुली करणारा दूरध्वनीवरून काहीही सांगो, वारसाने प्रथम लेखी हिशेब मागावा आणि तो पाहण्यापूर्वी नवे कर्जखत, कबुलीपत्र किंवा अंशतः भरणा यांपैकी काही करू नये. सुप्याच्या शेतकऱ्याने मुलाच्या नावे करून दिलेल्या नव्या खताचे आजचे रूप तेच आहे. मुदतीचा कायदाही येथे ध्यानात ठेवावा. साध्या कर्जाच्या दाव्यास सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्यापूर्वी दिलेल्या लेखी कबुलीने ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

चौथा वर्ग सर्वांत क्लेशकारक आहे: संमतीवाचून नाव, सही, आधार किंवा पॅन क्रमांक वापरून काढलेले कर्ज. हे कृत्य घरातल्याने केले म्हणून त्याचे कायद्यातील स्वरूप बदलत नाही. खोटी सही व फसवणूक हे गुन्हे आहेतच; दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, संकेतशब्द वा ओळख अप्रामाणिकपणे वापरण्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-क नंतरच्या कलम ६६-ग मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. अशा कर्जाचा एकही हप्ता भरण्यापूर्वी बँकेला लेखी हरकत कळवावी, अर्जाची व सहीची प्रत मागावी आणि तक्रारीची पोच जपून ठेवावी. बँकेने तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पोलिसांकडील तक्रारीवाचून बँक बहुधा हरकत मान्य करीत नाही. म्हणून येथे कुटुंबाला नाते व नाव यांपैकी एकाची निवड करणे भाग पडते. बाहेरच्या चोराने पैसे लांबविले असतील, तर १९३० हा दूरध्वनी क्रमांक ताबडतोब लावावा. विलंब झाला तर जबाबदारी वाढते.

कोणत्याही वर्गात प्रकरण पडो, पतीची नोंद तपासणे आवश्यक आहे. पूर्वी माणसाची पत पेढीवरच्या मुनिमाच्या डोक्यात असे. आता ती पतमाहिती कंपन्यांच्या दप्तरात असते. सिबिल ही त्यांतील पहिली, २००० मध्ये स्थापन झालेली. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. जामीन राहिलेले कर्जही त्यात दिसते. चुकीची नोंद आढळल्यास तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लागला पाहिजे. एप्रिल २०२४ पासून विलंबाच्या प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे.

याउपर प्रश्न उरतो तो घरचा. कायदा धनकोला उत्तर देतो. भावाला काय उत्तर द्यावयाचे, हे तो सांगत नाही. कायद्याने बांधील नसताही एखाद्याने भावाचे देणे फेडावे असे ठरविले, तर तो त्याचा अधिकार आहे. मात्र ती देणगी की उसनवारी हे लिहून ठेवावे, रकमेची मर्यादा आधी ठरवावी, आणि तीच पत पुन्हा वापरली जाणार नाही याची व्यवस्था, म्हणजे जादा कार्ड रद्द करणे, जामीनकी बंद करणे, मुखत्यारपत्र मागे घेणे, पैसा देण्यापूर्वी करावी. ही व्यवस्था न करता भरलेले कर्ज पुन्हा उभे राहते.

पेशव्यांच्या घरात तीन पिढ्यांनी हे देणे वाहिले. बाजीरावाचे नानासाहेबाने, रघुनाथरावाचे सर्व घराण्याने आणि नानासाहेबाचे माधवरावाने. त्यांपैकी हिशेब पुढे मांडून, जबाबदारी कोणाकडे आली हे कागदावर लिहून ज्याने शेवट केला, तो सर्वांत धाकटा होता. त्याच्या पदरी कर्ज सर्वांत जड आणि पत सर्वांत हलकी होती; तरीही थेऊरच्या वाड्यात ती खते दुसऱ्या समर्थ हातांत गेली, तेव्हा कोणते देणे कोणाचे, याविषयी सावकारालाही शंका उरली नाही आणि घरालाही उरली नाही.